आधी समोरच्याचं सांग

"उजवा हात छातीवर, आणि 'लाजेपेक्षा जीव मोठा' म्हणताना तो समोर. असा. चल, परत."

पौर्णिमाने हात छातीवर नेला आणि तिथेच ठेवला. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत आम्ही दोघंच होतो. दार उघडं होतं, बाहेर मैदानात पाचवीची कवायत चालली होती. माझी शंभर पानी वही टेबलावर तिच्यासमोर उघडून ठेवलेली.

"सर, हे त्याच्या आधीचं वाक्य आहे ना, ते मले नाही पटत."

"कोणतं?"

"'ज्याच्या मनात पाप नाही, त्याला तपासणीची भीती कसली?' बिमारी म्हणजे पाप थोडीच आहे, सर."

बावीस वर्षं मी मुलांना वादविवादाची भाषणं लिहून देत होतो. या काळात मुलांनी माझ्या भाषणांचं काय काय केलं होतं. कोणी मधलं पान विसरलं, कोणाचा आवाज ऐन वेळी फुटला, एका गड्याने तर 'अध्यक्ष महोदय' म्हणून झाल्यावर थेट 'जय हिंद' म्हटलं आणि खाली उतरला. पण वाक्य पटत नाही, असं कोणी म्हटलं नव्हतं. पटण्याचा संबंधच नव्हता. पाठ करायचं होतं.

"हे कोणी शिकवलं तुला?" मी विचारलं. उत्तर मला ठाऊक होतं.

"कोणी नाही," ती म्हणाली, आणि वही हळूच माझ्याकडे सरकवली.

पंधरा वर्षं झाली या गोष्टीला. आमचं गाव चंद्रपूर जिल्ह्यातलं, तालुक्याचं. शाळा बारावीपर्यंत. जिल्ह्याची विज्ञान वादविवाद स्पर्धा दर डिसेंबरात होई आणि जिंकणाऱ्या शाळेला फिरती ढाल मिळे. फिरती म्हणजे दरवर्षी दुसऱ्याकडे जाणारी, पण आमच्याकडे आली की तिला फिरायचं सुचत नसे. अकरा वर्षांत नऊ वेळा ती आमच्या प्राचार्यांच्या खोलीत होती. तिच्यावर शाळेचं नाव कोरलेलं असायचं, शिक्षकाचं नाही. तरी वासेकर सरांची ढाल असंच सगळे म्हणत. पंधरा ऑगस्टच्या आदल्या दिवशी ती मी स्वतः पुसत असे. शिपाई होता, तरी मीच.

त्या वर्षीचा विषय आला होता: लग्नापूर्वी सिकलसेलची तपासणी सक्तीची करावी. आमच्या भागात हा आजार घरोघरी ऐकून माहीत. रक्तातला दोष, आईबापांकडून मुलात येणारा. आरोग्य खात्याचं शिबिर होई आणि मग कार्डं येत. लाल म्हणजे रुग्ण. पिवळं म्हणजे वाहक, त्याला स्वतःला काही होत नाही, पण दोन पिवळ्यांचं लग्न झालं तर मुलांना आजार होऊ शकतो. पांढरं म्हणजे काही नाही.

त्याच पावसाळ्यात आमच्या शाळेत शिबिर झालं होतं. माझ्याकडे जबाबदारी होती. नोंदवही माझ्या कपाटात, बरण्यांच्या शेजारी, किल्ली माझ्या खिशात. कार्डं बंद लिफाफ्यांत आली, ती मी एकेकाला बोलावून हातात दिली.

पौर्णिमा लेनगुरे तेव्हा अकरावीत होती. वडील तलावावर मासे धरणाऱ्या सोसायटीत, घरात दोन मुली, ही धाकटी. आठवीपासून माझ्या वहीतली भाषणं म्हणत आलेली. तिच्यासारखी मुलगी शिक्षकाला दहा वर्षांत एकदा मिळते. शाळा सुटल्यावर ती प्रयोगशाळेत आली आणि उघडलेला लिफाफा टेबलावर ठेवला.

"सर, पिवळं आहे."

मी तिला बसवलं. टेबलावरच खडूने आनुवंशिकतेच्या धड्यातले वाटाण्याचे चौकोन काढले, उंच झाड, बुटकं झाड. तिला समजावून सांगितलं की तुला काही होणार नाही, तू पळशील, शिकशील, म्हातारी होशील. फक्त लग्नाच्या वेळी मुलाचं कार्ड बघायचं.

"मले समजलं, सर," ती म्हणाली. "पण ताईचं जमलं आहे. दिवाळीनंतर लगन आहे. माझं पिवळं आहे म्हटलं तर तिचंही असंल असं म्हणतील."

तिच्या ताईचा होणारा नवरा म्हणजे आमच्याच शाळेतल्या नन्नावरे बाबूचा सख्खा भाचा. ती का घाबरली होती, ते मला सांगायची गरज नव्हती.

"घरी कधी सांगायचं ते तू ठरव," मी म्हटलं. "ताईलाही तपासून घ्यायला सांग, पण तुझ्या वेळेने. माझ्याकडून कोणालाही कळणार नाही."

तिने ओढणीने टेबलावरचे वाटाणे पुसून टाकले आणि गेली. त्या दिवशी मी खरोखर चांगला शिक्षक होतो. हे आत्मप्रौढीने लिहीत नाही. पुढे जे सांगायचं आहे त्यासाठी हे आधी सांगणं भाग आहे.

सहारे सर जूनमध्ये आले होते. इंद्रजित सहारे, वय सत्तावीस, भौतिकशास्त्र, घड्याळी तासिकेवर. म्हणजे जितके तास तितका पगार, मार्चनंतर घरी. अशा माणसाने आपले तास घेऊन गप्प जावं. पण हा शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मुलांना सायकल स्टँडच्या टिनाखाली गोळा करायचा. मुलं उभ्या सायकलींच्या कॅरियरवर बसत, तोही एका कॅरियरवर. आणि भांडत. बेडूक कापून शिकावं का. नवं औषध आधी कोणावर वापरून बघावं, आणि ज्याच्यावर बघायचं त्याला कितपत सांगावं. तुमचं रक्त तपासणीला दिलं की ते तुमचं राहतं का.

माझ्या प्रयोगशाळेची खिडकी बरोबर त्या टिनावर उघडते. मी काही कान देऊन ऐकत नसे. खिडकी लावून घेतली की उकडायचं, एवढंच.

त्याचा एक नियम होता. समोरच्याला उत्तर देण्याआधी त्याचं म्हणणं आपल्या तोंडाने सांगायचं. इतकं नीट, की तो 'हो, हेच' म्हणाला पाहिजे. तो हो म्हणेपर्यंत आपलं काही बोलायचं नाही.

"चेतन, आधी पौर्णिमाचं सांग," सहारे म्हणायचा.

"ती म्हणून राहिली का बेडकाले दुखते म्हणून कापू नये."

"नाही," पौर्णिमा म्हणायची. "मी तसं नाही म्हटलं. मी म्हटलं, का एका बेडकात जे दिसते ते पाहाले चाळीस बेडूक कायले पाहिजे."

"परत सांग, चेतन."

चेतन तीनदा सांगायचा, मुलं हसायची, चौथ्यांदा ती "हाव, हेच" म्हणायची आणि मग कुठे चेतनला आपलं तोंड उघडायला मिळायचं. अर्ध्या तासात दोन मुद्दे होत. अशाने ढाल मिळते का? स्पर्धेत चार मिनिटं असतात.

हे सगळं मी स्टाफरूममध्ये बोलून दाखवत असे. घरीही.

"काहो," एकदा कुंदा, माझी बायको, भात वाढता वाढता म्हणाली, "जेवायला बसल्यापासून त्या सहारे सरांचं नाव सातव्यांदा घेतलं तुम्ही. मोजून राहिली मी."

"त्याची पद्धत चूक आहे, एवढंच सांगतोय."

"चूक आहे तर पडू द्या ना त्याले तोंडावर. तुमच्या पोटात कायले दुखून राहिलं?"

दुखतच होतं. आता कबूल करायला काय जातं? मी मुलांना माझी वाक्यं देत होतो आणि मुलं ती मला परत करत होती, आणि त्याने काहीही दिलेलं नसताना मुलं शनिवारी उपाशी पोटी त्याच्याभोवती बसत होती. मला त्याचा दुस्वास वाटे. त्याच्या झिजलेल्या चपला, मुलांचं ऐकताना मान एका बाजूला कलती करायची सवय, सगळ्याचा. पौर्णिमा मला अजून नमस्कार करायची, फळा पुसून ठेवायची, पण पूर्वी ती मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेत यायची ती आता सायकलींकडे जायची. मी खिडकीतून बघायचो ती कोणाच्या कॅरियरशेजारी बसते.

वाक्य पटत नाही म्हणाली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तिला आणि सहारेला टिनाखाली पाहिलं. इतर मुलं गेली होती. पौर्णिमा रडत होती. सहारे दोन सायकली सोडून बसला होता, मान कलती, ऐकत. ती बराच वेळ बोलली. मग तो काही म्हणाला, ती रडता रडता हसली आणि तोंड धुवायला नळाकडे गेली.

मला पहिल्यांदा जे वाटलं ते असं: सांगितलं. त्यालाही सांगितलं. जी गोष्ट तिने माझ्या टेबलावर ठेवली होती ती आता त्याच्याजवळही होती. आणि त्याच्यापुढे ती मोकळेपणाने रडली होती, माझ्यापुढे नुसती ओढणीने टेबल पुसून गेली होती. मी खिडकी लावून घेतली. उकडलं तरी लावून घेतली.

दिवाळीची सुट्टी आठ दिवसांवर आली तेव्हा प्राचार्यांनी आम्हा दोघांना बोलावलं. ढालीखाली बसून ते म्हणाले, "पौर्णिमा म्हणते तिला सक्तीच्या विरोधात बोलायचं आहे, आणि लिहिलेलं नको. वासेकर, तुमचं काय?"

"विरोधी बाजू पडती आहे, सर. परीक्षकांत डॉक्टर असतात. ढाल जाईल."

"सहारे?"

"तिला तिची बाजू मांडू द्यावी असं मला वाटतं. ढालीचं मला सांगता येणार नाही."

प्राचार्य व्यवहारी माणूस. त्यांनी तोड काढली. शनिवारी सभागृहात सगळ्या शाळेसमोर चाचणी. चेतनने माझं लिहिलेलं अनुकूल भाषण करावं, पौर्णिमाने तिच्या पद्धतीने प्रतिकूल. दोघांना एकेक प्रश्न ज्येष्ठ शिक्षक म्हणून मी विचारावा. ज्याची पद्धत सरस ठरेल त्या शिक्षकाकडे यंदाचा संघ.

म्हणजे त्या शनिवारी माझी बावीस वर्षं टांगणीला लागली होती आणि समोर उभी होती माझीच विद्यार्थिनी.

सभागृह भरलं होतं. मुलं खाली सतरंजीवर, शिक्षक भिंतीशी खुर्च्यांवर. नन्नावरे बाबू घड्याळ आणि घंटी घेऊन पहिल्या रांगेत, कारण वेळ तेच पाहत. चेतनने माझं भाषण चोख म्हटलं. 'लाजेपेक्षा जीव मोठा' वर हात बरोबर समोर गेला. टाळ्या पडल्या. मी त्याला एक सोपा प्रश्न विचारला, ज्याचं उत्तरही मीच वहीत लिहून दिलेलं होतं.

मग पौर्णिमा उठली. हातात कागद नव्हता. तिने आधी चेतनकडे वळून त्याचं म्हणणं सांगितलं. म्हणजे माझं. चार वाक्यांत, साधं, आणि मला मान्य करावं लागेल, माझ्यापेक्षा बरं. चेतन "हाव, हेच" म्हणाला आणि पोरं हसली.

"तपासणी करू नका असं मी म्हणून नाही राहिली," ती म्हणाली. "तपासणी कराच. पण सक्ती झाली म्हणजे काय होते ते पाहा. मुलाचं कार्ड पिवळं निघालं तर तो दुसरी मुलगी पाहाते. मुलीचं निघालं तर सारं गाव तिले पाहाते. तिच्या बहिणीले पाहाते. कार्ड पिवळं होते, पण नाव मुलीचं पडते. आधी लोकांले समजावून सांगा, मग ते आपल्या पायाने येतील. सक्तीने आलेला माणूस रक्त देते, विश्वास नाही देत."

तिने हात छातीवर नेला नाही की समोर नेला नाही. दोन्ही हात नुसते खाली होते. सभागृह इतकं शांत मी कधी पाहिलं नव्हतं, आणि त्या शांततेत माझं एकही वाक्य नव्हतं. टाळ्या सुरू झाल्या तेव्हा प्राचार्य सहारेकडे वळले आणि त्यांनी मान हलवली. कौतुकाने.

ती मान हलली नसती तर मी दुसराच प्रश्न विचारला असता. माझ्याकडे एक लिहिलेला होता, थॅलेसेमियावर. कागद हातात होता. मी तो घडी घालून खिशात ठेवला.

"पौर्णिमा," मी म्हटलं, "सक्ती नको, माणसाने स्वतःहून सांगावं, असं तू म्हणतेस. ठीक आहे. मग आता इथे, सगळ्यांसमोर, स्वतःहून सांग. तुझं कार्ड कोणत्या रंगाचं आहे?"

पोरांमध्ये एक हलका आवाज उठला, कबड्डीत चांगली पकड झाली की उठतो तसा. नन्नावरे बाबूंनी घड्याळातून डोकं वर काढलं.

मी सहारेकडे पाहिलं. त्याचा चेहरा पडलेला मला बघायचा होता. पण तो पुढे वाकून बसला होता, मान कलती, ती काय उत्तर देते या उत्सुकतेने. सगळ्यांसारखाच. पौर्णिमा मात्र त्याच्याकडे बघत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती आणि बघतच राहिली.

"आधी सरांचं म्हणणं सांगते," ती म्हणाली. आवाज बारीक झाला होता, पण फुटला नाही. "सर म्हणून राहिले, का जी मुलगी सांगायची सक्ती नको म्हणते, तिच्याजवळ लपवाले काहीतरी असंल. आणि तसं असंल तर तिचा मुद्दा विज्ञानाचा नाही, स्वार्थाचा आहे. सर, हेच ना?"

नियमाप्रमाणे मला उत्तर द्यावं लागणार होतं. सगळं सभागृह माझ्याकडे बघत होतं.

"हो," मी म्हटलं. "हेच."

"मग माझं उत्तर असं आहे. माझं कार्ड पांढरं असंल, पिवळं असंल, मी नाही सांगणार. पण सरांनी हा प्रश्न विचारला, हाच माझा मुद्दा आहे. सक्ती झाली का कार्डाची नोंद कोणाच्या तरी कपाटात जाते. कपाटाले कुलूप असते, सरकार सांगते. पण किल्ली माणसाजवळ असते."

ती खाली बसली. नन्नावरे बाबू घंटी वाजवायला विसरले होते, ती त्यांनी आता वाजवली. मग टाळ्या. प्राचार्य उभे राहून टाळ्या वाजवत होते. त्यांना वाटलं, ज्येष्ठ शिक्षकाने मुद्दाम अवघड प्रश्न टाकला आणि मुलीने तो परतवला. सगळ्यांनाच तसं वाटलं.

मी प्रयोगशाळेत जाऊन बसलो. थोड्या वेळाने दारात सहारे उभा. मनात म्हटलं, आला. आता हा बोलणार, आणि बोलू दे, मीही ऐकवीन.

"सर, येऊ का?" तो म्हणाला. "तुमचा प्रश्न... असा प्रश्न मला सुचला नसता. सगळी चर्चा एका वाक्यात आणली तुम्ही. मी चार महिने धडपडतोय, पण तत्त्व असं माणसाच्या अंगाशी कसं आणायचं, ते आज पाहिलं."

मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिलो. कुठेही तिरकसपणा नव्हता.

"तुम्हाला माहीत नाही?" मी विचारलं.

"काय, सर?"

"तिने सांगितलं नाही? त्या दिवशी सायकलींजवळ रडत होती तेव्हा?"

"अच्छा, ते," तो जरा संकोचला. "ते तुमच्याबद्दलच होतं, सर. म्हणून मी कधी बोललो नाही. म्हणत होती, वासेकर सरांनी आठवीपासून मला उभं केलं, आता त्यांना 'तुमचं भाषण नको' असं कोणत्या तोंडाने सांगू, सरांना वाईट वाटेल. मी म्हटलं, सरांना वाईट नाही वाटणार, सर मोठे आहेत."

तो आणखी काही बोलला. संघ दोघांनी मिळून तयार करू, असं काहीसं. मी मान हलवत होतो. माझ्या शेजारी कपाट होतं आणि खिशात किल्ली होती. त्या कपाटातल्या नोंदवहीत तिच्या नावापुढे काय आहे ते शाळेत फक्त दोन माणसांना माहीत होतं, मला आणि तिला, आणि तिने ते शेवटपर्यंत दोनच माणसांत ठेवलं होतं.

सोमवारी मधल्या सुट्टीत पौर्णिमा आली. हातात आठवीपासून तिच्याकडे असलेली माझी जुनी भाषणांची वही होती. ती तिने टेबलावर ठेवली.

"बस," मी म्हटलं.

"नाही, सर. उभीच बरी." ती टेबलाच्या पलीकडे उभी राहिली. "शनिवारी मी तुमचं म्हणणं सांगितलं. तुम्ही हो म्हटलं. आता तुम्ही माझं सांगा. मी हो म्हणेपर्यंत."

मी हसण्याचा प्रयत्न केला. ती थांबून होती.

"तुझं म्हणणं असं," मी म्हटलं, "की मी तुझं गुपित फोडलं."

"नाही. कोणाले कळलं कुठे? फुटलं नाही ते."

"मग, मी सगळ्यांसमोर तुला हरवायला बघितलं."

"नाही, सर. हरणं-जिंकणं असतेच."

मी खडू उचलला आणि परत ठेवला. "तुझ्या ताईचं लग्न मोडलं असतं. नन्नावरे बाबू समोर होते. मी त्याचा विचार केला नाही."

"तुम्ही केला होता," ती म्हणाली. "पण तेही नाही."

तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. मला वाटलं होतं ती रडेल, मग मी समजूत काढीन, वाटाण्याचे चौकोन काढले तसं काहीतरी काढीन. मी आणखी एकदा तोंड उघडलं आणि सुट्टी संपल्याची घंटा झाली. ती घंटेपर्यंत थांबली, मग "येते, सर" म्हणून वर्गात गेली.

तिने संघातून नाव काढून घेतलं. कारण अभ्यासाचं दिलं. चेतन माझं भाषण घेऊन गेला आणि तिसरा आला. ढाल दुसऱ्या शाळेत गेली, प्राचार्यांच्या भिंतीवर खिळा राहिला. सहाऱ्यांचे तास मार्चमध्ये संपले. पुढच्या वर्षी त्यांना बोलवावं का, असं प्राचार्यांनी मला विचारलं, तेव्हा मी "बघा तुम्ही" म्हटलं. त्यांनी बघितलं नाही.

नन्नावरे बाबूंच्या मनात त्या प्रश्नाने किडा सोडलाच होता. दिवाळीत मुलाकडच्यांनी ताईचं कार्ड मागितलं. पौर्णिमाला तेव्हा घरी सगळं सांगावं लागलं, तिच्या वेळेने नाही, त्यांच्या. ताईची तपासणी झाली, पांढरं निघालं, लग्न झालं. म्हणजे नुकसान काहीच झालं नाही, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. तपासणी व्हावी असं मला आजही वाटतं.

पौर्णिमा पुढे दीड वर्ष माझ्या वर्गात होती. तिसऱ्या बाकावर, वही नीटनेटकी, बारावीला जीवशास्त्रात शाळेत पहिली. त्या दीड वर्षात तिने मला एकही शंका विचारली नाही. इतकी हुशार मुलगी, आणि तिला एकही शंका आली नाही.

गेल्या उन्हाळ्यात ती मला बसस्टँडवर दिसली. कडेवर मुलगी होती. तिने वाकून नमस्कार केला, "सर, बरे आहात?" म्हणाली, मुलीला "सरांले नमस्कार कर" म्हणाली. मी मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. तिच्या गाडीची वेळ झाली होती, तेवढ्यात बोलणं झालं नाही. खरं सांगायचं तर गाडी दहा मिनिटं तिथेच उभी होती.

आता मी निवृत्त आहे. कपाटाची किल्ली शाळेत जमा केली. म्हणून ते म्हणणं इथे सांगून बघतो, चौथ्यांदा.

पौर्णिमा, तुझं म्हणणं असं होतं. पिवळं कार्ड आलं तेव्हा तू आईकडे गेली नाहीस, ताईकडे गेली नाहीस, सहारे सरांकडे गेली नाहीस. तू माझ्याकडे आलीस. सगळ्या गावात ज्याची तुला भीती वाटत नव्हती असं एक माणूस होतं. सभागृहात मी प्रश्न विचारला तेव्हा तू माझ्याकडे बघत होतीस, कारण अशा वेळी ज्याच्याकडे बघायचं असं माणूस तुला तेवढंच माहीत होतं, आणि प्रश्न विचारणाराही तोच होता.

हेच ना? नसेल तर नाही म्हण, मी पुन्हा सांगीन. आता मला कुठल्या तासाला जायचं नाही.